गल्लीकडची भिंत

आमच्या घराची गल्लीकडची भिंत त्या काळात नागडी होती. याहून सभ्य शब्द असेल, मला येत नाही. दुर्गाघाटाकडून ब्रह्माघाटाकडे जाणारी आमची गल्ली एवढी अरुंद, की समोरून सांड आला तर माणसानं मुकाट्यानं कुणाच्या तरी दारात शिरायचं. त्यामुळे आमची भिंत कुणाला लांबून दिसत नसे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्याला लागूनच दिसे. मूळचा गिलावा चुन्याचा, जुन्या लोकांनी पातळ लखौरी विटांवर चढवलेला, आणि दारावर चुन्यातच घडवलेले दोन मासे, तोंडाला तोंड लावून. मी लहान असताना त्या गिलाव्याला भेगा पडल्या, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यावर सिमेंट थापून घेतलं. शेजाऱ्यांनी थापलं होतं म्हणून. गंगा दरवर्षी चढते, पायऱ्या गिळते, तिची ओल खालून विटांत शिरते. चुन्यातून ती ओल निघून जायची. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं, ती आतच राहिली, खार धरला, भिंत फुगली, आणि मग सिमेंटच्या लाद्या सुटायला लागल्या त्या आतला जुना चुनाही बरोबर घेऊन. विटा उघड्या पडल्या. बोट लावलं तरी लाल पीठ पडायचं.

दोन माशांतला एक मासा असाच एका सकाळी गेला. खालून दूधवाला चालला होता. मासा चुकला, पण त्याच्यामागून सुटलेली लादी नेमकी त्याच्या उघड्या कॅनमध्ये पडली. तो आमच्या दारात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "अरे महाराज, दूध में पानी तो हम मिलाते हैं, आप तो पूरा मकान मिला दिए!" गल्ली हसली. गल्लीचं हसणं वाईट नव्हतं, बनारसचे लोक असेच हसतात, आपल्या मयतीतही हसतील. पण त्या दिवसापासून आमच्या घराजवळ आलं की माणसं समोरच्या भिंतीला चिकटून चालायची आणि मागच्याला सांगायची, "बच के भइया, महाराज का मकान आ रहा है!" अण्णा आत पूजेला बसलेले असायचे. बाहेरून ते शब्द आले की त्यांचा आवाज चढायचा. मंत्र तेच, आवाज मात्र भांडणाचा. आई वरच्या मजल्यावर स्वयंपाकघरात तवा आपटायची. आणि मी कुठे असेन तिथे मान खाली घालायचो. ती सवय अजून गेली नाही. ही असताना म्हणायची, "तुम्ही रस्त्यात काय शोधत चालता, हरवलंय काय तुमचं?"

ही गेली त्याला अजून वर्ष व्हायचंय. हे सगळं लिहायला बसलो ते त्यामुळेच. घरात मराठी बोलायला आता कोणी उरलं नाही. मुलगा हिंदीत बोलतो, नातू तर मी मराठीत काही विचारलं की "क्या बोले, आजोबा?" म्हणतो. माझ्या तोंडातली भाषा वाळत चाललीय, तेव्हा कागदावर तरी ओली राहू दे. शिक्षण माझं नाही. चुका सूनबाईनं काढल्या आहेत, तिला मराठी वाचता येतं, बोलते मात्र हिंदीच. बाकी जे आहे ते माझंच.

शिक्षण नाही म्हणजे काय, तेही सांगतो. अण्णा याज्ञिक. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, शांती, तीर्थविधी करायचे. मीही तेच करायचं ठरलेलं होतं. आमच्या खिडकीसमोर वेदपाठशाळा, पहाटे पोरांचा घोष सुरू व्हायचा आणि त्यात माझा आवाज असायला हवा होता. मला पाठ होत नसे. गुरुजींनी मारलं, अण्णांनी मारलं, आईनं ब्राह्मीची पानं वाटून दिली. नाहीच झालं. एक दिवस उठलो आणि परत गेलोच नाही. मग एका पंचांग छापणाऱ्या प्रेसमध्ये कागदाचे गठ्ठे उचलायला लागलो. रोज पहाटे समोरून तो घोष यायचा, इतरांची मुलं म्हणत असायची, आणि अण्णा ओसरीवर बसून ऐकायचे. मला काही बोलायचे नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

लग्नाचं वय झालं. दोन ठिकाणी बोलणी झाली, दोन्हीकडून नकार आला. एकांनी सरळ सांगितलं, मुलगा हमाली करतो. तिसरं स्थळ मध्य प्रदेशातल्या सागरचं. मुलीचे वडील तात्या, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, सोवळ्याओवळ्याचे फार कडक, प्रवासात बाहेरचा चहासुद्धा घेत नसत, घरून फिरकीच्या तांब्यात पाणी घेऊन निघत. त्यांच्या आईच्या अस्थी घेऊन ते काशीला येणार होते, मुलीला बरोबर आणणार होते, आणि येतील तेव्हा घर बघून जातील असं ठरलं. मध्यस्थाजवळ अण्णांनी काय सांगितलं ते मला नंतर कळलं. मुलगा प्रेसमध्ये व्यवस्थापक आहे, आणि घर स्वतःचं, पेशव्यांच्या वेळचं, दारावर माशांची जोडी. मासा एकच उरला होता, आणि व्यवस्थापकाला मी रोज पाणी आणून देत होतो. त्याआधी अण्णा कधी खोटं बोलल्याचं मला माहीत नाही. माझ्यासाठी बोलावं लागलं, हे मला अजून टोचतं.

तर मग भिंत दुरुस्त करायला हवी होती. अण्णांनी लल्लन मिस्त्रीला बोलावलं. लल्लन म्हणजे तोंडात पान आणि पानातून बाहेर बढाया. राजाच्या महालाचं काम आपल्या आज्यानं केलं, त्याच्या हातच्या भिंतीवर माशी बसली की घसरते, असलं काही. खरं किती ते देवालाच ठाऊक. काम त्याला येत होतं, करायचा मात्र कंटाळा. त्यानं भिंतीवर थाप मारली, लाल भुगा पडला, आणि म्हणाला, "ए महाराज, ई तो नंगी हो गई है. सीमेंट का कपड़ा किसने पहनाया था?" अण्णा वर आकाशाकडे बघायला लागले. "पहले सब उतारना पड़ेगा. फिर चूना, सुरखी, सन. और बेल-गुड़ का पानी. और एक आदमी चाहिए ऊपर चढ़ने को, हमारी कमर ठीक नहीं." मजूर लावायची ऐपत नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रेसमधून सुट्टी घेतली.

मी परांचीवर चढलो. बांबू बांधलेले, त्यावर फळी. उरलंसुरलं सिमेंट छिन्नीनं काढायचं, विटांच्या सांध्यांतला सडलेला भुगा खरवडायचा, खार झाडून काढायचा, मग भिंतीला पाणी प्यायला लावायचं, पुन्हापुन्हा, ती नको म्हणेपर्यंत. लल्लन खाली ओट्यावर बसून सांगायचा. चुना हौदात भिजत पडलेला, त्यात विटांची भुकटी म्हणजे सुरखी, तागाचे बारीक कापलेले धागे. उडदाची डाळ भिजवून वाटून घालायची, ती आई वाटायची. त्या कामाला वेगळा जुना पाटा काढला होता, कारण भिंतीचं वाटण ज्यावर झालं त्यावर घरचं वाटण होणं शक्य नाही. आई वाटताना पुटपुटायची, "भिंतीला उडदाचं पक्वान्न आणि आपल्याला रोज मुगाची खिचडी. हिचंच लग्न लावा, दिन्याचं कशाला?"

गल्लीत रोज तमाशा. याज्ञिकाचा मुलगा, उघडा, कमरेला पंचा, कोपरापर्यंत चुना, भिंतीला चिकटलेला. अण्णांच्या बरोबरीचे लोक घाटावरून स्नान करून जायचे तेव्हा मी तोंड भिंतीकडे करायचो, जसं काही मला कोणी पाहिलं नाही तर मी तिथे नाहीच. एकदा पाठशाळेतले माझ्याबरोबरचे एक, आता आचार्य झालेले, थांबले आणि प्रेमानं म्हणाले, "काय दिनू, बरंय ना?" मी बरं म्हणालो. शिवी दिली असती तर चाललं असतं. गेलेला मासा लल्लननं स्वतः केला, तेवढं त्यानं माझ्यावर सोडलं नाही. दिवसभर खपून उतरला आणि मागे सरकून बघायला लागला. मासा वांग्यासारखा झाला होता. "बैंगन बना दिए, मिस्त्री," पानवाला म्हणाला. "नदी में ऐसी भी होती है, तुम किनारे बैठने वाले क्या जानो," लल्लन म्हणाला. त्यानं पाडून पुन्हा केला, तोही वांगंच, फक्त थोडं सडपातळ. तसाच ठेवला. आज बाजूच्या घरात परदेशी पाहुण्यांसाठी लॉज झालंय, ते लोक आमच्या दाराचे फोटो काढतात. मी गल्लीत उभा असलो की घरात निघून जातो.

आता बेलाचं पाणी. यातूनच पुढचं सगळं घडलं, म्हणून नीट सांगतो. पिकलेल्या बेलांचा गर पाण्यात कुस्करायचा, त्यात गूळ घालायचा, आणि मटक्यात तोंड बांधून दिवसचे दिवस ठेवायचा. जितकं जुनं तितका चुना घट्ट धरतो, असं लल्लनचं म्हणणं. वैशाखाचं ऊन, पाण्याला फेस यायला लागला, वास सुटला. आधी मटका चौकात होता. पण बनारसची माकडं गुळाचा वास गंगेपलीकडून ओळखतात. एका दुपारी टोळी उतरली, मटका आडवा केला आणि प्यायली. त्यातलं एक म्हातारं माकड संध्याकाळपर्यंत आमच्या कठड्यावर पाय सोडून बसलं होतं, हाकललं तरी जाईना, नुसतं आमच्याकडे बघून दात काढी. लल्लन म्हणाला, "इसका ब्याह तय हो गया." दुसरा मटका भरला तो मग आत ठेवावा लागला. माकडांपासून बंद एकच जागा, खालची पाणीखोली. तिथे आमचे पिण्याच्या पाण्याचे माठ, आणि उन्हाळ्यात आई रोज करायची त्या बेलाच्या सरबताचा एक मटका. आईला कुठला कुठला ते झोपेतही कळायचं. मला कळायचं. अण्णांना कळायचं कारण नव्हतं, कारण अण्णांनी जन्मात स्वतःच्या हातानं पाणी ओतून घेतलं नव्हतं. तांब्या समोर यायचा, ते प्यायचे.

सागरची मंडळी यायची होती त्याच्या आदल्या दिवशी आली. मी परांचीवर होतो. शेवटचा पातळ हात चढवून झाला होता आणि मी गुळगुळीत गोट्यानं तो घोटत होतो, निम्मी भिंत घोटून झालेली, निम्मी ओली. खालून कोणीतरी स्वच्छ मराठीत विचारलं, "अहो मिस्त्री, शास्त्रीबुवांचं घर हेच का?" खाली पाहिलं. काळी टोपी, कोट, हातात फिरकीचा तांब्या. मागे हिरव्या लुगड्यातली एक उंच मुलगी, उन्हानं लाल झालेली, वर माझ्याकडे बघत. मला कळलं कोण ते. खाली उतरायला हवं होतं, नमस्कार करायला हवा होता. माझ्या तोंडून हिंदी निघालं. "हां जी, यही है." आणि मी भिंतीकडे वळून घोटायला लागलो. जिथे घोटून झालं होतं तिथेच.

अण्णांची आत धावपळ झाली. लल्लन ओट्यावर झोपला होता. आई वर सोवळ्यात, नैवेद्याचा स्वयंपाक चालू, ती खाली येऊन परक्यांना शिवू शकत नव्हती. मी होतो ती फळी ओसरीच्या खिडकीवरच्या जाळीच्या बरोबर समोर, तिच्यातून मला आतलं सगळं दिसत होतं. तात्या बसले. अण्णा म्हणाले, ऊन फार लागलंय, चहा तर तुम्ही घेत नाही. तात्या म्हणाले, "वैदिकाच्या घरचं पाणी मात्र घेईन. गंगास्नान होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही असा नेम होता. आत्ताच स्नान करून आलो." पहाटेपासून उपाशी माणूस, आणि ते ऊन. अण्णा स्वतः उठले. हे मी पहिल्यांदा पाहिलं. पाणीखोलीत गेले आणि दोन पितळी पेले भरून घेऊन आले, एक तात्यांना, एक मुलीला. अण्णांचा स्वतःचा प्रदोष होता, त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर पहिल्याच घोटात कळलं असतं.

पेल्यावर फेस होता. मला वरून दिसला.

तात्यांनी एका दमात पेला रिकामा केला, मिशी पुसली आणि म्हणाले, "वा! काय चव आहे हो, शास्त्रीबुवा. जिभेला चावतं जरा. काशीचा बेल म्हणतात तो हाच." अण्णा खूश झाले. "अजून घ्या." परत गेले, भरून आणला. मी वर उभा होतो, हातात गोटा. ओरडलो तर मी कोण ते कळणार. नाही ओरडलो तर वैशाखात फसफसलेली गुळाची दारू, कारण दुसरं काय म्हणणार तिला, एक सोवळा ब्राह्मण काशीत येऊन आमच्या घरात पितो आहे. तात्यांचा दुसरा पेला निम्मा झाला. मुलीनं पेला उचलला, वास घेतला, थांबली, आणि ओठाला लावणार तेवढ्यात मी जाळीला तोंड लावून ओरडलो, "अण्णा! अहो, ते भिंतीचं आहे!"

मुलीनं पेला खाली ठेवला. तात्यांनी जाळीकडे पाहिलं. तिथे त्यांना चुन्यानं पांढरं झालेलं माझं तोंड दिसलं असणार. "भिंतीचं म्हणजे?" त्यांनी शांतपणे विचारलं. माझ्या ओरडण्यानं लल्लन जागा झाला होता. तो उठून दारात आला, पेले पाहिले, सगळं समजला, आणि मोठ्या आनंदानं म्हणाला, "अरे पंडितजी, ई तो हम सड़ा के रखे हैं, चूने के वास्ते! ई दीवार पीती है. पहला मटका बंदर पी लिए थे, साँझ तक हिले नहीं." तात्या मास्तर होते, शब्दाशब्दाचा अर्थ लावणारे. "सडवलेलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "आणि हा कोण?"

मी काही बोलायच्या आत अण्णा बोलले. "तो ना? तो मिस्त्रीचा माणूस."

माझे वडील वाईट नव्हते. हे मी आज, त्यांच्याहून म्हातारा झाल्यावर, लिहून ठेवतो. ते भांबावले होते, एक खोटं सांगितलं होतं, ते उघडं पडत होतं, आणि जे हाताला लागलं ते त्यांनी पुढे केलं. पण तेव्हा मी फळीवर उभा होतो आणि मला वाटलं, भिंतीचा एक तुकडा आणखी सुटावा आणि बरोबर मला घेऊन जावा. मग ती मुलगी बोलली. हीच ती. घरात आल्यापासून पहिल्यांदा.

"मिस्त्रीचा माणूस 'अण्णा' म्हणून ओरडतो होय?" ती वडिलांना म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मघाशी गल्लीतच कळलं मला, तात्या. जानव्याला चुना लागलाय त्याच्या."

तोवर ते पाणी तात्यांच्या डोक्यात पोचलं होतं. उपाशी पोटी दीड पेला. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला, टोपी मागे सरकली, आणि ते हसायला लागले. आधी नाकातून, मग सगळं अंग हलवून. "शास्त्रीबुवा," ते म्हणाले, "तुमची भिंत फार चांगलं पिते हो! आम्ही उगाच तांब्या वाहतो सागरपासून!" ही म्हणायची, तिनं वडिलांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. दाराबाहेर गल्ली गोळा झाली होती. पानवाला, दूधवाला, लॉजच्या जागी तेव्हा राहणारी म्हातारी. लल्लन प्रत्येकाला सांगत होता. आई जिन्यावरून खाली डोकावत होती, सोवळ्यात, हात वर धरून, आणि रडत होती. मी उतरलो तो मागच्या बाजूनं, आणि घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. जेवायला परत गेलो नाही.

संध्याकाळी तात्यांची नशा उतरली, आणि मग त्यांची लाज आमच्या सगळ्यांच्या लाजेहून मोठी झाली. जिथे उतरले होते तिथून त्यांनी निरोप पाठवला. नकळत का होईना, सुरापान झालं, आईच्या अस्थी घेऊन आलेल्या माणसाला ते धुतल्याशिवाय गत्यंतर नाही, उद्या सकाळी ब्रह्माघाटावर प्रायश्चित्त घेईन. लग्नाबद्दल निरोपात अक्षर नव्हतं. आमच्या घरात सगळे समजले. अण्णा घाटावरच्या एका वृद्ध याज्ञिकांकडे विचारायला गेले, विधी कोणता. त्यांनी सांगितलं, पिणाऱ्याइतकाच पाजणाराही दोषी, तुम्हीही शेजारी बसा. ज्या अण्णांनी जन्मभर दुसऱ्यांची प्रायश्चित्तं करवली ते स्वतः यजमान होऊन बसणार. आईनं मला म्हटलं, "तू जाऊ नकोस तिथे." अण्णा म्हणाले, "येऊ दे. त्याच्यापासून लपवण्यासारखं काय राहिलंय आता?"

सकाळी दोघेही गंगेत उतरून ओल्या धोतरानं पायरीवर बसले. खेटून. त्यांच्या मांडीला मांडी लागत होती, कारण पायरी तेवढीच रिकामी होती. पंचगव्य झालं. संकल्पात दोष उच्चारावा लागतो, मनात म्हणून चालत नाही. वृद्ध याज्ञिक सांगत गेले आणि दोघे एकामागून एक म्हणत गेले, अज्ञानानं सुरेचं प्राशन, अज्ञानानं सुरेचं दान. आजूबाजूला नाववाले, फुलवाल्या. संस्कृत त्यांना कळत नव्हतं, पण लल्लनची बातमी आमच्या आधी घाटावर पोचली होती. एक नाववाला दोर गुंडाळत म्हणाला, "महाराज, बचा हो तो हमको भी एक लोटा!" कोणी हसलं नाही. त्यालाच नंतर वाईट वाटलं असावं, तो नाव घेऊन पुढे गेला. मी वरच्या पायरीवर उभा होतो. ती माझ्यापासून जरा लांब, वडिलांचे कोरडे कपडे छातीशी धरून. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

विधी संपला. अण्णांच्या ओंजळीत अजून पाणी होतं. तात्या पुढे बघतच म्हणाले, "शास्त्रीबुवा, मुलगा काय करतो म्हणालात?"

अण्णा ओंजळीकडे बघत राहिले. पाणी बोटांमधून गळत होतं. मग त्यांनी सांगितलं, सगळं, मोठ्यानं, जसा संकल्प सांगितला तसंच. पाठशाळेतून पळाला. एक सूक्त पाठ नाही. प्रेसमध्ये व्यवस्थापक नाही, गठ्ठे उचलतो. भिंत आमची पडली होती, ती तुम्ही याल म्हणून उभी केली. मजुराला द्यायला नव्हतं म्हणून यानं केली. काल मी याला मिस्त्रीचा माणूस म्हणालो, हा माझा मुलगा आहे. माझं आख्खं आयुष्य त्या पायरीवर पाचसहा वाक्यांत मावलं, फुलवाल्यांच्या देखत, आणि ती माझ्या शेजारी ऐकत होती. अण्णांनी मला आपला म्हटलं याचा आनंद मला नंतर, फार नंतर झाला. त्या क्षणी मला फक्त पळायचं होतं. मला पळायची सवय होती.

तात्या उठले, पुन्हा एक बुडी मारली, बाहेर आले. मुलीच्या हातून कोरडं धोतर घेऊन आडोशानं नेसले. मग ओलं धोतर हातात घेऊन उभे राहिले. ते लांबलचक धोतर एकट्याला पिळता येत नाही. अण्णा जवळच होते, पण तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. वर बघून त्यांनी एक टोक माझ्याकडे केलं. "अरे, धर."

मी उतरलो आणि टोक धरलं. त्यांनी एका बाजूनं पीळ दिला, मी दुसऱ्या बाजूनं. गंगेचं पाणी माझ्या बोटांवरून वाहायला लागलं आणि आग झाली, कारण चुन्यानं माझे दोन्ही तळवे फाटले होते, भेगांतून रक्त दिसत होतं. तात्यांनी ते पाहिलं. धोतरावर लाल डाग पडत होता, त्यांच्या सोवळ्याच्या धोतरावर. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पीळ काही थांबवला नाही. "चुन्यानं खाल्लंय," ते म्हणाले. "कमळे, ह्याला तूप द्यायला सांग कुणाला तरी." ती जिन्यासारख्या त्या पायऱ्या धावत वर गेली, आमच्या घराकडे, माझ्या आईला मागायला. वाट कोणाला विचारली नाही.

मला हात मागे घ्यायचे होते, पदर असता तर पदरात लपवले असते. पण टोक सोडलं असतं तर त्यांचं धोतर गंगेत गेलं असतं. म्हणून धरून राहिलो.